दुखणं थांबलं, पण स्वभाव का बदलला?

वाचकांचे प्रश्न, तज्ज्ञांची उत्तरं

मागच्या अंकात कंबरदुखीवर लेख होता. त्यावर आलेल्या पत्रांत कंबरेपेक्षा चिडचिडीच्याच तक्रारी जास्त निघाल्या. गोळी सुरू झाल्यापासून माणूस गप्प झालाय, कुणी रात्रभर जागतंय, कुणी नको तेवढं खुशीत आहे. अशी सात पत्रं निवडली आहेत. उत्तरं वाचताना घरातली गोळ्यांची पाकिटं काढून जवळ घ्या आणि उलटी करून ठेवा. समोरच्या बाजूला कंपनीनं दिलेलं नाव असतं. आत काय आहे ते मागच्या बारीक अक्षरांत असतं, आणि आपलं काम त्या अक्षरांशी आहे.

प्रश्न: वडगावात यंत्रमागावर कामाला आहे, वय 43. कंबरेतून डाव्या पायात कळ जाते म्हणून तीन महिने दिवसाला चार गोळ्या घेतोय. मागे ‘ट्रॅमॅडॉल 37.5, पॅरासिटामॉल 325’ असं छापलंय. सुरुवातीला कामाला हुरूप यायचा. आता एखादी गोळी चुकली की घाम, जांभया, नाक गळतं, पाय तळमळतात आणि पोरांवर उगाच ओरडतो. हे व्यसन आहे का?

उत्तर: तुम्ही लिहिलंय त्यावरून शरीराला औषधाची सवय झाली आहे. व्यसनात तलफ असते, मात्रा स्वतःच वाढवली जाते, गोळी मिळवण्यासाठी खोटं बोललं जातं. तुमच्या पत्रात यातलं काही नाही. पण सवयीकडे दुर्लक्ष केलं तर तिथवर पोचायला फार वेळ लागत नाही.

ट्रॅमॅडॉल दोन वाटांनी काम करतं. यकृतात त्याचा एक अफूच्या जातीचा पदार्थ बनतो आणि तो दुखण्याची जाणीव दाबतो. शिवाय मूळ औषध मेंदूतली सेरोटोनिन आणि नॉरॲड्रिनॅलिन ही रसायनं लवकर परत शोषली जाऊ देत नाही. नैराश्यावरच्या काही गोळ्यांचं कामही हेच. पहिल्या महिन्यातला तुमचा हुरूप यातूनच आला. गोळी चुकली की दोन्ही आधार एकदम निघतात. घाम, जांभया, गळणारं नाक ही अफूच्या बाजूची लक्षणं. चिडचिड, उगाच वाटणारी धास्ती, अंगात झिणझिण्या ही दुसऱ्या बाजूची. साधारण 12 ते 24 तासांत हे सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जोर धरतं आणि आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. झोप रुळायला काहींना त्याहून जास्त दिवस लागतात.

म्हणून एका दिवसात बंद करू नका. चिठ्ठी देणाऱ्या डॉक्टरांना सांगा की उतरती मात्रा लिहून द्या. दर एक-दोन आठवड्यांनी दहा ते पंचवीस टक्के कमी, असा सर्वसाधारण रिवाज आहे. आता तुमचा हिशोब बघा. चारावरून तीन गोळ्या म्हणजे 25 टक्के, हे बहुतेकांना जमतं. पण तीनावरून दोन म्हणजे एकदम 33 टक्के आणि दोनावरून एक म्हणजे तब्बल 50. गोळी एकच कमी होते, पण शरीराला प्रत्येक पायरी आधीपेक्षा उंच लागते. बरेच जण दोन गोळ्यांवर येऊन अडकतात ते यामुळे. शेवटच्या टप्प्यात अर्ध्या गोळीनं उतरावं लागतं. त्यासाठी गोळीवर मधोमध रेघ हवी आणि नावापुढे ‘एसआर’ नको. एसआर म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी. ती मोडली की बारा तासांचं औषध एकदम अंगात उतरतं. रात्रीची गोळी सर्वांत शेवटी काढावी, झोपेचं गणित तिच्यावर असतं. आणि प्रत्येक गोळीबरोबर 325 मिलिग्रॅम पॅरासिटामॉलही कमी होतंय, त्या जागी साधी पॅरासिटामॉल चालेल का ते त्याच भेटीत विचारून घ्या.

चूक होते ती अशी: दुखणं वाढलं म्हणून स्वतःच दोनाच्या तीन गोळ्या. ट्रॅमॅडॉल दिवसाला 400 मिलिग्रॅमच्या वर गेलं की फिट येण्याचा धोका वाढतो, आणि ज्यांना आधी फिट आली आहे त्यांना त्याहून कमी मात्रेतही. दारू किंवा झोपेची गोळी सोबत असेल तर श्वास मंदावतो. मधुमेहाची औषधं घेणाऱ्यांची साखर कधी कधी अचानक उतरते, तेव्हाही घाम आणि चिडचिडच दिसते. एप्रिल 2018 पासून ट्रॅमॅडॉल अमली पदार्थांच्या कायद्याखाली आहे. पाकिटावर लाल अक्षरांत ‘एनआरएक्स’ असतं आणि चिठ्ठीशिवाय मिळता कामा नये. मेडिकलवाला ओळखीचा आहे म्हणून देत असेल तर तो उपकार करत नाही. पाकीट संपायच्या चार दिवस आधी डॉक्टरांकडे जा, रविवारी रिकाम्या पाकिटाकडे बघत बसण्याची वेळ आणू नका.

कंबरेबद्दल एकच: लघवी अडली, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेना झालं, तर त्याच दिवशी मोठं हॉस्पिटल गाठा.

प्रश्न: सासूबाई चार वर्षं मनाच्या आजारासाठी एसिटॅलोप्राम 10 घेतात, बेळगावच्या डॉक्टरांकडून. गुडघ्यासाठी मिरजेला दाखवलं, तिथे ॲसिक्लोफिनॅक 100 दिवसातून दोनदा आणि ‘फारच दुखलं तर’ ट्रॅमॅडॉल लिहून दिलंय. अजून सुरू केलेलं नाही. एकत्र चालेल का?

उत्तर: सुरू करण्याआधी विचारलंत ते बरं केलंत. सीमाभागात हा घोळ नेहमीचा. मन बेळगावात किंवा धारवाडला दाखवायचं, हाडं मिरजेला, डोळे कोल्हापूरला. प्रत्येक डॉक्टरांच्या हातात स्वतःचीच चिठ्ठी.

दोन जोड्या वेगवेगळ्या बघा. एसिटॅलोप्राम आणि ट्रॅमॅडॉल दोन्ही सेरोटोनिन वाढवतात. एकत्र आल्यावर काही जणांत ते बेसुमार वाढतं आणि पहिल्या 24 तासांतच हात थरथरणं, भरपूर घाम, जुलाब, ताप, बसवेना अशी तगमग, पायाचा घोटा आपोआप झटके देणं हे दिसू लागतं. घरच्यांना वाटतं जुना आजार उलटला, आणि मनाची गोळी जास्तीची दिली जाते. तिथे प्रकरण चिघळतं. अशी लक्षणं दिसली तर दोन्ही औषधं पुढची मात्रा न देता थांबवा आणि पाकिटांसह रुग्णालयात न्या. मिरजेच्या डॉक्टरांना फोन करून ट्रॅमॅडॉलला पर्याय मागा. नकार देणार नाहीत, बहुधा त्यांना एसिटॅलोप्रामचं कुणी सांगितलेलंच नसतं. सासूबाईंची गोळी फ्लुओक्सेटिन किंवा पॅरोक्सेटिन असती तर आणखी एक गंमत झाली असती. या गोळ्या ट्रॅमॅडॉलचं यकृतातलं ते रूपांतरच अडवतात. मग दुखणं हटत नाही, धोका तेवढा राहतो.

दुसरी जोडी ॲसिक्लोफिनॅकची. एसिटॅलोप्राममुळे रक्तातल्या बिंबिकांची (प्लेटलेट) चिकटण्याची ताकद घटते, ॲसिक्लोफिनॅक जठराचं अस्तर दुबळं करतं. दोन्ही मिळून पोटात रक्तस्राव होण्याची शक्यता वाढवतात, साठीपुढे जास्तच. द्यायचंच ठरलं तर थोडे दिवस, जेवणानंतर, आणि सकाळी उपाशीपोटी आम्ल कमी करणारी गोळी. तीही पॅन्टोप्रॅझोल असलेली बरी, कारण ओमेप्रॅझोल एसिटॅलोप्रामची रक्तातली पातळी वाढवतं. डांबरासारखी काळी शौच झाली तर थांबू नका. गुडघ्यासाठी पॅरासिटामॉल, वर लावायचं डायक्लोफिनॅक जेल आणि मांडीच्या स्नायूंचा रोजचा व्यायाम, एवढ्यावर भागतंय का ते आधी बघा.

याच निमित्ताने, ज्यांच्या घरात कुणी मनाच्या आजारासाठी लिथियम घेतं त्यांनी हे वेगळं लिहून ठेवावं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, एटोरिकॉक्सिब यांपैकी कोणतीही गोळी लिथियम लघवीवाटे नीट बाहेर पडू देत नाही. रक्तातली पातळी एरवी 0.6 ते 1.0 च्या आसपास ठेवतात, 1.5 च्या वर विषबाधा सुरू होते. हात जाड थरथरतो, उलट्या होतात, चाल लडखडते, जीभ जड होते. लोकांना वाटतं प्यायलाय. एप्रिल-मेच्या उन्हात अंगातलं पाणी आटलेलं असताना, किंवा कडक उपासाच्या दिवशी, हे लवकर घडतं. लिथियमवाल्यांना दुखण्यासाठी पॅरासिटामॉल हीच पहिली गोळी.

प्रश्न: आई (62) गुडघेदुखीसाठी आठवडी बाजारातल्या एका माणसाकडून ‘जडीबुटीची पुडी’ घेते. आठ महिने झाले. दुखणं जादूसारखं गेलं. पण रात्री दोनला उठून भांडी घासते, सारखी भूक, बडबड वाढलीय, चेहरा गोल झालाय. दोन वेळा पुडी संपली तेव्हा चार दिवस अंथरुणाला खिळली, रडत होती. जडीबुटीनं असं होतं?

उत्तर: जडीबुटीनं होत नाही. पुडीत स्टेरॉइड मिसळल्यावर होतं. डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांची भुकटी अशा पुड्यांत सापडणं आपल्याकडे नवीन नाही. स्वस्त, आणि दोन दिवसांत गुडघा मोकळा. तुम्ही लिहिलेलं एकेक लक्षण त्याच दिशेनं बोट दाखवतंय.

स्टेरॉइड मेंदूवर थेट काम करतं. आधी उत्साह, झोप उडणं, बडबड, चिडचिड. बरेच महिने चाललं तर उलट उदासी आणि विसराळूपणा. डॉक्टरांनी रीतसर दिलेल्या गोळ्यांतही हे होतं आणि मात्रेवर अवलंबून असतं. 1972 मध्ये प्रसिद्ध झालेल्या बोस्टनच्या पाहणीत रोज 40 मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी प्रेडनिसोन घेणाऱ्यांपैकी 1.3 टक्क्यांना मनाचा गंभीर त्रास झाला होता, 80 च्या वर घेणाऱ्यांपैकी 18.4 टक्क्यांना. दम्यासाठी किंवा संधिवातासाठी रीतसर प्रेडनिसोलोन घेणाऱ्यांनी ते सकाळी नाश्त्यानंतर घ्यावं. संध्याकाळी घेतलं की रात्र गेलीच. पुडीची अडचण अशी की तिच्यात किती आहे ते विकणाऱ्यालाही माहीत नसतं. एका पुडीत चिमूटभर, पुढच्या पुडीत दुप्पट.

आता महत्त्वाचं. संतापून पुड्या चुलीत टाकू नका. तीन आठवड्यांहून जास्त काळ बाहेरून स्टेरॉइड आलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं आपलं स्टेरॉइड, बनवणं थांबवतात. पुडी एकदम बंद झाली की शरीराकडे काहीच उरत नाही. आई चार दिवस अंथरुणाला खिळली ती यामुळे. उलट्या, भोवळ, रक्तदाब खाली जाणं आणि शुद्ध हरपणं इथवर ते जाऊ शकतं, विशेषतः त्याच वेळी ताप किंवा जुलाब असतील तर.

उरलेल्या दोन-तीन पुड्या घेऊन दोन दिवसांच्या आत एम.डी. मेडिसिनच्या डॉक्टरांकडे जा. तोपर्यंत पुडी चालू राहू द्या. वाईट वाटतं, पण त्यातल्या त्यात सुरक्षित तेच. ‘मला स्टेरॉइडची शंका आहे’ हे वाक्य स्पष्ट बोला. ते साखर, रक्तदाब, सोडियम-पोटॅशियम आणि सकाळी आठच्या सुमाराचं कॉर्टिसॉल तपासतील. चेहरा स्टेरॉइड जास्त झाल्यासारखा गोल, आणि रक्तातलं स्वतःचं कॉर्टिसॉल मात्र तळाला, ही विसंगती दिसली की बाहेरून काहीतरी जातंय हे नक्की. मग पुडीऐवजी मोजून प्रेडनिसोलोन देतात आणि काही आठवडे, कधी काही महिने घेऊन उतरवतात. या काळात गुडघा परत दुखणार आहे. आईला आधीच सांगून ठेवा, नाहीतर ‘तुमच्या डॉक्टरापेक्षा पुडी बरी’ म्हणत ती बाजार गाठेल.

प्रश्न: साधी पॅरासिटामॉल खाल्ल्यानं मन उदास होतं का? मोबाईलवर तसं वाचलं.

उत्तर: अधूनमधून घेतलेल्या गोळीनं उदासी येत नाही. 1000 मिलिग्रॅमनंतर आनंद-दुःख दोन्हींची धार किंचित बोथट होते असं प्रयोगशाळेतल्या काही छोट्या अभ्यासांत दिसलंय, पण ते इतकं बारीक आहे की घरात कुणाच्या लक्षात येणार नाही. काळजी करायची ती यकृताची. धडधाकट माणसाला 24 तासांत 4 ग्रॅमची मर्यादा. किरकोळ अंगकाठी, रोजची दारू किंवा यकृताचा आजार असेल तर डॉक्टर ती बरीच खाली आणतात. सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं, ते मोजायचं राहून जातं.

प्रश्न: अण्णांना (71) मधुमेहामुळे पायांची आग होते. ‘प्रिगॅबलिन 75, नॉरट्रिप्टिलिन 10’ ही गोळी रात्री सुरू झाली. आता दिवसभर हरवल्यासारखे असतात, कधी वार कोणता तेही चुकतात, तोल जातो. म्हातारपण म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर: गोळी सुरू झाली ती तारीख आणि गोंधळ सुरू झाला ती तारीख कागदावर शेजारी लिहा. अंतर दोन-तीन आठवड्यांच्या आत असेल तर म्हातारपणाला दोष देण्याआधी गोळीकडे बघा.

प्रिगॅबलिन जवळजवळ सगळं मूत्रपिंडातून बाहेर पडतं. मूत्रपिंडाचं काम निम्म्यावर आलं असेल तर मात्राही साधारण निम्मी लागते. मधुमेहाच्या सत्तरीतल्या माणसात क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) न बघता 75 दिलं तर तीच गोळी दुप्पट होऊन बसते. नॉरट्रिप्टिलिन तोंड कोरडं करतं, बद्धकोष्ठ करतं, प्रोस्टेट वाढलेल्या माणसाची लघवी अडवतं आणि वयस्कर मेंदूला भांबावून टाकतं. लघवी तुंबल्यानंही गोंधळ वाढतो, म्हणून तेही विचारून बघा. प्रिगॅबलिन फिटच्या औषधांच्या गटातलं. त्या गटाच्या औषधांनी काही थोड्या लोकांच्या मनात आत्महत्येचे विचार येऊ शकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी 2008 मध्ये दिला होता. अण्णा ‘आता जगून काय’ असं बोलू लागले तर ते बोलणं याही बाजूनं तपासा.

उद्याच क्रिएटिनिन करून डॉक्टरांना दाखवा. प्रिगॅबलिन बंद करायचं ठरलं तर किमान आठवडाभरात उतरवतात. बऱ्याचदा दोन औषधांची गोळी काढून फक्त कमी मात्रेचं प्रिगॅबलिन दिल्यावर माणूस ताळ्यावर येतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षं चालू असेल तर बी-12 ची पातळीही बघून घ्या. ती घटली तरी पायांची आग आणि विसराळूपणा दोन्ही होतात.

यातून नावापुढच्या अक्षरांचा विषय निघतो. ‘एनटी’ म्हणजे नॉरट्रिप्टिलिन, ‘पी’ म्हणजे सहसा पॅरासिटामॉल, ‘एसपी’ म्हणजे सहसा सेराशिओपेप्टिडेज आणि पॅरासिटामॉल. ‘एमआर’ मात्र फसवतं. दुखण्याच्या गोळीत ते स्नायू सैल करणारं औषध असतं, आणि मधुमेहाच्या गोळीत हळू सुटणारी गोळी. टिझानिडीन असलेली ‘एमआर’ गोळी वयस्कर माणसाला गुंगी आणते आणि क्वचित नसलेली माणसं दाखवते. ‘प्लस’ला तर काहीच अर्थ नाही, मागे वाचल्याशिवाय कळत नाही.

डोकेदुखीच्या कडक गोळीची सवय लागलेल्या निपाणीच्या शिक्षिकेचं पत्र लांब होतं, उत्तर थोडक्यात. कॅफिन मिसळलेली गोळी महिन्यातून 10 दिवसांहून जास्त, किंवा साधी वेदनाशामक 15 दिवसांहून जास्त, असं तीन महिने चाललं की गोळीच डोकं दुखवू लागते. बंद केल्यावर दोन ते दहा दिवस डोकेदुखी आणि चिडचिड वाढते, मग उतरते. चहा त्याच आठवड्यात सोडू नका, दोन्ही कॅफिन एकदम गेली तर सोसवणार नाही. शाळेला सुट्टी लागल्यावर सुरू करा. बदल्यात डोकेदुखी टाळण्यासाठी फ्लुनारिझिन लिहून दिलं आणि पूर्वी कधी नैराश्य आलं असेल, तर तसं सांगा. त्या गोळीनं उदासी परत येऊ शकते.

प्रश्न: तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हैसूरकडचे आहेत, मराठी कळत नाही. दुखणं बोटानं दाखवता येतं. मनाचं कसं सांगायचं?

उत्तर: आधी एक सापळा. आपण ‘दुखण्यानं बेजार झालेय’ म्हणतो ते हैराण या अर्थानं. कानडीत ‘बेजारु’ म्हणजे कंटाळा, नाराजी, मन खट्टू होणं. बेळगावातल्या डॉक्टरांना दोन्ही कळतं, नव्यानं आलेल्यांना नाही. तुम्ही गुडघ्याबद्दल बोलत असता आणि कागदावर उदासी लिहिली जाते. किंवा उलटही. तो शब्द टाळा. झोपेला ‘निद्दे’, रागाला ‘सिट्टु’, भीतीला ‘अंजिके’, एवढे तीन शब्द पुरतात.

बाकी काम आकड्यांनी करा. वहीचं एक पान घ्या, चार रकाने आखा: तारीख, गोळी आणि किती वाजता, झोप किती तास, राग किंवा उदासी शून्य ते दहापैकी किती. सात दिवस भरा. आकडे कुठल्याही भाषेत वाचता येतात, आणि गोळीनंतर दोन तासांनी रोज सहाचा आकडा आठ होतोय हे कुणालाही दिसतं. पाकिटं कापून टाकू नका, बॅच नंबर असलेली कड शाबूत ठेवा. औषधाच्या दुष्परिणामाची नोंद 1800-180-3024 या फुकटच्या क्रमांकावर तुम्हालाही करता येते, डॉक्टरच हवेत असं नाही. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येत असतील तर सात दिवसांची वही भरत बसू नका. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा क्रमांक रात्रीही चालतो. कर्नाटकातून लावला की बहुधा कानडीत आवाज येईल, मराठी हवं म्हणून सांगा.